टिचकीवाला

फरशीच्या कारखान्यात त्याला सगळे टिचकीवाला म्हणत. भट्टीतून आलेल्या प्रत्येक फरशीला तो टिचकी मारून बघायचा. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर आत तडा. तेवीस वर्षं हेच काम, आणि त्याचा तोरा असा की घरी नवा कप आला तरी आधी टिचकी, मग चहा.

आता तेच काम करायला मशीन आलं. त्याला शिकवायचं कोणी? अर्थात यानेच! बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, "अहो, सगळं ओकून मोकळे होऊ नका. एक तरी गोष्ट पोटात ठेवा. या वयात टिचक्या मारायला दुसरं कोण बोलावणार आहे तुम्हाला?"

भीती त्यालाही होतीच. म्हणून एक गोष्ट त्याने खरंच दडवली. फरशी गरम असली की धडधाकट असूनही बद्द वाजते, निवल्यावरच खरा आवाज देते. मशीनला शिकवताना गरम फरशा तो गुपचूप बाजूला सारायचा.

चाचणीच्या दिवशी मशीनने चांगल्या गरम फरशा धडाधड नापास केल्या. साहेब वैतागले. "परत पाठवा हे धूड! आपला टिचकीवालाच बरा."

जिंकला की गडी! आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. एवढं तर खांबालाही जमतं.

तेवढ्यात मशीन बसवायला आलेली पोरगी साहेबांना म्हणाली, "काकांना तरी कुठे कारण माहीत असणार? अंदाजाने जमतं त्यांना."

"अंदाजाने?" हा उसळलाच. "मग तेवीस वर्षं काय झक मारली मी?" आणि गरम फरशीचं गुपित त्याने साग्रसंगीत समजावून सांगितलं. वर दोनदा विचारलं, "लिहिलंत ना नीट?"

दुपारी फरशा निवू दिल्यावर मशीनची एकही चूक झाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या शहाण्यानेही वाजवल्या, सगळ्यात जोरात. मग साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत येत राहा." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. बायकोने उठून त्याच्या कपाळावर एक टिचकी मारली.

"कसा वाटला आवाज?"

डोळे भरून आले होते, तरी सवयीने त्याने कान देऊन ऐकलं.

"बद्द," तो म्हणाला.