अर्धायुष्य सहा तासांचे

वारज्याला अजून शेतं होती आणि त्यांच्या मधोमध नव्या इमारती उगवत होत्या, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षांत पुण्यात कॉम्प्युटरवाल्यांच्या खालोखाल कशाचं पीक आलं असेल, तर तपासणी केंद्रांचं. पूर्वी एक्स-रे काढायचा म्हणजे आधी हाड मोडावं लागे. आता धडधाकट माणूसही सवलतीचा बोर्ड वाचून आत शिरू लागला.

मुक्ताईही शिरली. म्हणजे मुलाने शिरवली. उत्तरेश्वर कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं अमेरिकेला निघाला होता. सोबत बायको उत्कर्षा आणि चार महिन्यांची मुलगी. जाण्यापूर्वी आईचं सगळं तपासून घ्यायचं, असं त्याने डोक्यात घेतलं. आधी छातीचा एक्स-रे झाला, मग पोटाचा सीटी स्कॅन. काहीच निघालं नाही. काही निघत नाही म्हणून त्याला जास्तच काळजी लागली. शेवटच्या दिवशी, रात्री मुंबईच्या विमानतळाकडे निघायचं असताना, सकाळी तो तिला हाडांच्या स्कॅनला घेऊन गेला.

इंजेक्शन टोचून झालं आणि तिथले डॉक्टर आले.

"काय दुखतंय, आजी?"

"काही नाही."

"मग आलात कशाला?"

"लेक अमेरिकेला चाललाय."

डॉक्टरांनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. "अहो, किरणं म्हणजे चहा आहे का, आल्यागेल्याला द्यायला? दुखणं असेल तर स्कॅनला भिऊ नये, नसेल तर हौस म्हणून करू नये. एका वेळचा धोका थोडाच असतो, पण थोड्यात थोडं मिळवत गेलं की वाढतो." मग मुक्ताईला म्हणाले, "भरपूर पाणी प्या. आणि आजच्या दिवस तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसू नका. औषधाचं अर्धायुष्य सहा तासांचं आहे. उद्या सकाळी खुशाल घ्या."

मुक्ताईने मनातल्या मनात हिशेब केला. उद्या सकाळी पोर विमानात असणार. दोन वर्षांनी येईल ती पायांनी चालत येईल, मांडी कशाला लागतेय तिला!

तिला घरी सोडून उत्तरेश्वर लॅपटॉप आणायला कंपनीत गेला. उत्कर्षाने बाळाला आतल्या खोलीत ठेवलं आणि दारात लग्नातल्या आहेराची स्टीलची ताटं ओळीने उभी केली.

"ही कशाला गं?"

"किरणं अडतात म्हणे, आई."

"अगं, ताटानं वरण अडतं."

ताटांच्या फटीतून मुक्ताईला नातीचा एक पाय दिसत होता. तो हलला की ती टाळी वाजवायची.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई निरोप द्यायला आल्या. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. कुठलाही शब्द सोडवल्याशिवाय गिळायच्या नाहीत. मुक्ताईने त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. 'औषधाचं' तेवढं सांगायचं राहिलं.

"अर्धायुष्य?" मंदाकिनीबाई खाली बसल्या. "अर्धे असे जे आयुष्य, ते अर्धायुष्य. कर्मधारय समास. अर्धं सहा तासांचं, म्हणजे पूर्ण बारा. मुक्ताई, इंजेक्शन किती वाजता दिलं?"

"दहाला."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मुक्ताईला वाटलं, बाळ चाललंय म्हणून रडतायत. तिलाही रडू आलं. दोघी मनसोक्त रडल्या, आपापल्या कारणांनी.

घरी जाऊन मंदाकिनीबाईंनी उत्तरेश्वरच्या कंपनीत फोन लावला. तो जागेवर नव्हता. त्याचा साहेब, सौरभ, याने उचलला. "तुमच्या उत्तरेश्वरची आई रात्री दहापर्यंतच आहे," बाईंनी शुद्ध मराठीत सांगितलं.

संध्याकाळपर्यंत सगळी इमारत येऊन गेली. कुणी गंगाजल आणलं, कुणी मागे राहून गेलेली भांडणं मिटवली. आपला एवढा मान का वाढला, हे मुक्ताईला कळेना. तळमजल्यावरच्या हिंमतरावांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा. ते एक गोणीच घेऊन आले.

"मुक्ताई, कांद्यावर किरणं सोडली की मोड येत नाहीत. सरकार सोडतंय. तुम्ही नुसत्या टेकून बसा गोणीला. जाता जाता तेवढं पुण्य."

"जाता जाता? जातंय कोण?"

हिंमतराव जीभ चावून गोणी तिथंच ठेवून पळाले.

इतक्यात उत्तरेश्वर धापा टाकत आला. आई कांद्याच्या गोणीला टेकून पोहे खात होती. तो तिच्या पायांवर कोसळला. काय झालंय ते सगळ्यांना समजायला बराच वेळ लागला.

"अगं आई, त्या औषधाचं अर्धायुष्य! त्याचा जोर सहा तासांनी निम्मा होतो, आणखी सहा तासांनी त्याच्या निम्मा. तुझं काही नाही!"

"म्हणजे मी मरत नाही?"

"नाही."

"आणि पोरीला आज घेताही येत नाही?"

"नाही. पण आई, साहेबाने आमची तिकिटं रद्द केली. म्हणाला, अशा वेळी आईजवळ राहा, नंतर बघू. सकाळी त्याला खरं सांगावं लागेल. तो लगेच उद्याची काढेल."

मुक्ताईने पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या रात्री ती घागरभर पाणी प्यायली.

सकाळी उत्कर्षाने ताटं उचलली आणि बाळाला सासूच्या मांडीवर दिलं. पोरीने आजीचं नाकच धरलं. तेवढ्यात फोन वाजला. उत्तरेश्वर न्हाणीघरात होता. मुक्ताईने एका हाताने रिसीव्हर उचलला.

"मी सौरभ बोलतोय. उत्तरेश्वर आहे का?"

"आंघोळीला गेलाय."

पलीकडचा आवाज पडला. "म्हणजे... आई गेल्या का?"

"नाही अजून."

"ओह. डॉक्टर किती वेळ म्हणतायत?"

मुक्ताईने नातीकडे पाहिलं. पोर दात नसलेल्या तोंडाने हसत होती. "आठवडा तरी लागेल," ती म्हणाली.

"बरं, बरं, घाई नाही. तिकिटं पुढच्या रविवारची काढतो. आपण कोण बोलताय?"

"शेजारीण."

तिने फोन ठेवला. न्हाणीघरातून उत्तरेश्वर ओरडला, "आई, कुणाचा फोन?"

"माझी चौकशी होती," मुक्ताई म्हणाली, आणि पोरीला तिने दुसऱ्या मांडीवर घेतलं.