मुलाच्या कंपनीचा शेअर

मुलाने वडिलांचा फोन हातात घेतला तो अक्षरं मोठी करून देण्यासाठी. ब्रोकरचा मेसेज वरच होता. त्याने तो दोनदा वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, तुम्ही आमची कंपनी शॉर्ट केलीय?"

वडील पेपर वाचत होते. एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेला माणूस. छापखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे.

"केलीय," ते म्हणाले.

"म्हणजे शेअर पडला तर तुम्हाला पैसे मिळणार आणि चढला तर तुमचे जाणार. कळतंय ना?"

"न कळता सही करीन का?"

"अहो, सगळं जग इंटरनेटचे शेअर घेतंय! दोन महिने तुमच्या मागे लागलोय, फंडाचे पैसे पडून आहेत, घाला म्हणून. आणि घातलेत ते उलट्या बाजूला. तेही माझ्याच कंपनीवर!"

"तुमच्या कंपनीला नफा कुठाय? पाच वर्षं नुसता तोटा."

"त्याला वाढ म्हणतात, बाबा."

"आम्ही तोटाच म्हणायचो."

मुलगा उठला. "खरं सांगू? इंटरनेटनं तुमचा छापखाना खाल्ला, त्याचा सूड आहे हा. पोटचा पोरगा तिथं काम करतो, एवढं तरी बघायचं!"

वडिलांनी एका शब्दाखाली लाल रेघ मारली. शब्द बरोबर होता. मुलगा चहा अर्धा टाकून आपल्या घरी निघून गेला. घर नवं होतं आणि त्याचे सतरा वर्षांचे हप्ते अजून बाकी होते.

"म्हातारपणी हे काय काढलंत?" बायकोने कप उचलत विचारलं.

"अगं, कंपनी बुडाली की शेअर पडणार आणि ह्याची नोकरी जाणार. मग हप्ते कोण भरणार? हे पैसे भरतील. आणि कंपनी तगली तर माझे जातील. जाईनात का! नोकरी तर राहील."

"मग सांगायचं ना तसं त्याला."

"काय सांगू? बापाला तुझ्या नोकरीचा भरवसा नाही म्हणून?"

त्यांच्या मते ह्यात कुठे फट नव्हती. छापखाना बुडाला तेव्हा जुळारी, मशीनवाले, बायंडर आणि खुद्द मालक, सगळे एकाच दिवशी रस्त्यावर आले होते. धंदा आणि त्यातली माणसं बरोबरच तरतात, बरोबरच बुडतात, एवढंच त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं.

पुढचे तीन आठवडे शेअर चढत राहिला. "आजही गेले," ते बायकोला सांगत, आणि जेवताना एक पोळी जास्त खात. स्वतःच्या पैशांची वाट लागताना इतका खूश झालेला माणूस तिने पाहिला नव्हता.

गुरुवारी सकाळी शेअर एकदम चौदा टक्क्यांनी उसळला. ब्रोकरच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. आणखी पैसे भरा, नाहीतर सौदा तोडावा लागेल.

"तोडा," ते म्हणाले.

"काका, जवळजवळ सगळेच जातील."

"जाऊ देत."

फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "चला, पोराची काळजी मिटली."

दीड वाजता बेल वाजली. दारात मुलगा उभा होता. खांद्याला फुगलेली बॅग होती. एरवी जेवतानाही गळ्यात असायचं ते कंपनीचं कार्ड मात्र नव्हतं.

"काढलं," तो म्हणाला. "नऊशे जणांना. एका मेलवर."

"पण शेअर तर वर गेलाय," वडील म्हणाले.

"म्हणूनच गेला. एवढे पगार वाचले ना."

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. मुलगा बूट न काढताच आत येऊन बसला. शेअर चढणार, एवढंच काय ते त्याचं त्या दिवशी खरं ठरलं होतं, आणि ते त्याला सोडवेना.

"मी सांगत होतो ना, घ्या म्हणून? वर जाणारच होता. तुम्ही आपले सूड उगवत बसलात."

आईने बोलायला तोंड उघडलं. वडिलांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी मुलाच्या खांद्यावरची बॅग उतरवून कोपऱ्यात ठेवली. पेपरची घडी घातली.

"हप्ता कितव्या तारखेला जातो तुझा?" त्यांनी विचारलं.