ब्राह्मीचा उपास

पलूसच्या चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर ब्राह्मीचा कॉलेजातला हसरा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं: दहा उपवासांची तपस्विनी. पर्युषण पर्व संपलं होतं, आज पारणं. घरापासून बस्तीपर्यंत, म्हणजे जैन मंदिरापर्यंत, सजवलेल्या बग्गीतून मिरवणूक, पुढं बँड. ब्राह्मीचे वडील शांतिनाथ सकाळपासून लोकांचे नमस्कार घेत होते.

त्यांच्या बायकोच्या, चंदनबालाच्या पायाला तर भिंगरीच लागली होती. गॅसवर मूग शिजत होते. पारण्याला त्याचंच पाणी द्यायचं होतं. आणि मनात ओवी जुळत होती. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाचं तप असो, ओवी चंदनबालाचीच. आज तर पोटची लेक.

माझ्या लेकीचं गं तप, सोनं आगीत न्हायलं
दहा दिसांचं ऊन, तिनं ओंजळीनं प्यालं

ओवी घोळवतच ती तेलाची वाटी आणि फणी घेऊन आतल्या खोलीत गेली. ब्राह्मी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

“ऊठ गं माझी राणी. वेणी घालू. बाया यायला लागल्यात.”

ब्राह्मी उठून बसली. फणी मानेपाशीच अडकली.

“अगंबाई, केवढा हा गुंता! कवापासनं फणी लावली न्हाईस?”

“साताऱ्यात असल्यापासनं.”

चंदनबालाचा हात थांबला. होस्टेलवरून पोरगी आली ती पर्वाच्या कितीतरी आधी. गप्प गप्प असायची. फोन वाजला की दचकायची, छातीवर हात धरून बसायची. अभ्यासानं दमली असंल, म्हणून आईनं सोडून दिलं होतं.

“एवढं तप करणारीला केस जड झाले व्हय गं?” तिनं हसायला बघितलं.

“मी उपास धरलाच नव्हता, आई.”

“म्हंजे? खाल्लंस का काय?”

“न्हाई. घासच उतरत नव्हता. पहिल्या दिवशी ताट सारलं, तर तू म्हणालीस, ‘उपास धरलास व्हय?’ मी मान हलवली. वाटलं, आता कुणी जेव म्हणणार न्हाई.”

बाहेर बँडवाल्यानं ढोलावर टिपरी मारून बघितली. ब्राह्मी शहारली.

“काय झालं बाळा? कुणी काय बोललं? कशापायी?”

“कारण असतं तर सांगितलं असतं गं. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले.” तिचा आवाज सपाट होता. “ह्या दिवसांत वाटायचं, असंच विझून जावं. तुमी तप म्हणाल. कुणाला लाज वाटायची न्हाई.”

चंदनबालानं फणी बाजूला ठेवली. रोज संध्याकाळी आपण हिची दृष्ट काढत होतो. बायकांना बोलावून हिच्या पाया पडायला लावत होतो. आणि ही आपल्या डोळ्यांदेखत एकेक पाऊल लांब जात होती.

तिनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवलं. मग विचारलं. “ब्राह्मी, जिवाचं बरंवाईट करावं असं येतं मनात? आत्तासुद्धा?”

लेकीनं होकाराची मान हलवली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली.

“अगं, झालं का न्हाई?” शांतिनाथ फेटा सावरत दारात आले. “बग्गी आली.”

“परत पाठवा.”

“खुळी झालीस काय? सगळा समाज दारात हाय! काय सांगू त्यांना?”

“पोरगी आजारी हाय म्हणून सांगा. मनानं आजारी हाय. उपास नव्हता त्यो, दुखणं होतं. आपल्याला कळलं न्हाई.”

“अगं, पण लोक...”

“आवं, उद्या क्षमावाणी हाय. सगळ्या गावाची क्षमा मागू. आधी गाडी काढा, मिरजेला डॉक्टरांकडं जायचंय. आत्ताच्या आत्ता.”

शांतिनाथांनी लेकीकडं पाहिलं. फ्लेक्सवरचा चेहरा आणि हा चेहरा. त्यांनी फेटा उतरवला, काखेत धरला आणि तसेच बाहेर गेले. थोड्या वेळानं ढोल थांबला. दारात कुजबुज सुरू झाली.

चंदनबालानं मुगाचं पाणी वाटीत गाळून आणलं. ब्राह्मी वाटीकडं बघून मागं सरकली.

“हे पारणं न्हाई गं. नुसतं मुगाचं पाणी हाय. वाटेत चक्कर येऊ ने म्हणून. न्हाई गेलं तर न्हाई.”

ब्राह्मीनं एक घोट घेतला. दुसरा नको म्हणाली. चंदनबालानं वाटीवर झाकण ठेवलं आणि ती पदराखाली घेतली, गाडीत पुन्हा विचारायला. दुसऱ्या हातानं तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं. बायकांच्या घोळक्यातून जाताना कुणीतरी म्हणालं, “चंदाक्का, ओवी तरी म्हण की.”

तिला एक शब्द आठवला नाही.