गोष्टीचा प्रश्न

मला लोक खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी अठरा वर्षं इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास चालवतेय, आणि गोड गोड बोलल्याने पास झालेलं एकही पोर मला अजून भेटलेलं नाही. मध्यमच्या वरच्या पातळीची परीक्षा असते ही. परदेशात नोकरी हवी, शिक्षण हवं, की आधी हे प्रमाणपत्र दाखवा. माझ्या माघारी पोरं मला 'लाल पेन' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

यंदा ही परीक्षा पुन्हा बदलली. लेखनाच्या पेपरातली दहा मिनिटं कापली आणि निबंधाच्या सूचना वाढवल्या. नवी माहितीपुस्तिका हातात पडली तशी मी ती दारातच उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग परीक्षा केंद्रावर तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, तेच आहे हो सगळं. सकाळपासून काही बदललं नाहीये." हसला मेला. मला काही हसू आलं नाही. सात वर्षांपूर्वी असंच एक पाकीट आलं होतं, आणि ते मी उघडलं नव्हतं.

वर्गात दहा खुर्च्या आहेत. त्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मी सात वर्षं कोणाला बसू दिलेलं नाही. हजेरीच्या वह्या, फाटके शब्दकोश असलं काहीबाही तिच्यावर रचून ठेवते आणि कोणी विचारलंच तर सांगते की पाय मोडलाय तिचा. पाय चांगला धडधाकट आहे. या सत्राच्या पहिल्याच दिवशी एक मुलगी आत आली, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, सरळ खिडकीशी गेली, वह्या उचलून खाली ठेवल्या आणि बसली. मी ओरडणार, तेवढ्यात तिने अंगावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. नर्स लोक खांद्याखाली पिनेने उलटं अडकवतात ना, तसलं. काचेच्या कडेला चीर होती. ती चीर मी ओळखत होते.

"माझी ताई तुमच्याकडेच होती, मॅडम," ती म्हणाली. "म्हणायची, खिडकीपाशी बसलं की उजेड छान येतो."

खाली ठेवलेल्या वह्या मी उचलून कपाटात टाकल्या.

थोरली. तिचं नाव मी घेत नाही, घेता येत नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपली की तशीच क्लासला यायची, अंगाला औषधांचा वास. व्याकरणात यथातथाच, पण गोष्ट लिहावी तर तिनेच! तेव्हा लेखनाच्या पेपरात गोष्टीचा प्रश्न असायचा. पहिलं वाक्य द्यायचे, पुढचं आपण रचायचं. लिहून झालं की ती पेनाने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "घ्या मॅडम, झालं!" मी चिडायचे. परीक्षा आहे की दार वाजवतेयस, असं म्हणायचे.

तिला परदेशातल्या एका रुग्णालयाचं नेमणूकपत्र आलं होतं. ठरलेल्या तारखेच्या आत प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणून त्या सत्रात माझ्याकडून ती एकटीच परीक्षेला बसली. मी तिला तीन महिने गोष्टीच लिहायला लावल्या. म्हटलं, तुझा हुकमाचा एक्का आहे हा, याच्यावरच तू तरशील. आणि त्याच तीन महिन्यांत बदललेल्या परीक्षेची पुस्तिका माझ्या खणात बंद पाकिटात पडून होती. अकरा वर्षं तेच शिकवत होते मी, मला कोण काय नवीन सांगणार! केवढा तो ताठा.

परीक्षेहून ती थेट क्लासला आली. चेहरा पांढराफटक. "मॅडम, गोष्टीचा प्रश्नच नव्हता हो."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "असं कसं होईल? असणारच. घाई केलीस तू. प्रश्न नीट वाचले नाहीस."

ती गेल्यावर मी खण उघडला, पाकीट फाडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, गोष्टीचा प्रश्न वगळला आहे. निकाल लागायला तीन आठवडे होते. तिच्या घरी जाऊन सांगायला एक संध्याकाळ पुरली असती. नाही गेले. दोन गुणांनी राहिली ती. तरीही नाही गेले. नेमणूक हुकली, ती त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात राहिली, आणि सहा महिन्यांनी साथ आली त्यात गेली. मी तेव्हाही नाही गेले. आता सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावत राहिले. ही समजूत फार सोयीची असते.

धाकटीही नर्सच झाली. तिलाही परदेशातलंच बोलावणं, तिच्याही डोक्यावर तारखेची टांगती तलवार. इंग्रजी मात्र थोरलीहून कितीतरी चांगलं. पहिल्या सराव परीक्षेत हिला सगळ्यांत जास्त गुण पडणार असं मी धरूनच चालले होते. पडले सगळ्यांत कमी. जे लिहिलं होतं ते सोन्यासारखं, पण निबंध निम्मा आणि पत्र कोरं. दुसऱ्या परीक्षेतही तेच.

तिसऱ्या सराव परीक्षेला मी तिच्यावर नजर ठेवून बसले. सगळ्यांच्या माना खाली, वर्गात फक्त तिच्या पुढ्यातल्या घड्याळाची टिकटिक. ती प्रश्न वाचत होती. बोट ठेवून, शब्द न् शब्द. वाचून झाला की पुन्हा वरून. खाली रेघ मारायची, पान उलटून काही राहिलं तर नाही ना ते बघायची, की पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं गेली तरी एक ओळ नाही. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. टकटक. दोनदा. खिडकीकडून.

"कोणी वाजवलं?" मी ओरडलेच.

सात माना वर झाल्या. धाकटीच्या हातात पेन होतं, पण ते प्रश्नाखालच्या सहाव्या रेघेवर टेकलेलं होतं. खाली चष्मेवाला काहीतरी ठोकत असेल, असं मी म्हटलं. चष्मेवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं, हे जिना उतरताना कळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझे कान अजून शाबूत आहेत.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. "काय चाललंय काय तुझं? प्रश्न वाचायचा असतो की पाठ करायचा असतो? आता दहा मिनिटं कमी आहेत, कळतंय ना? अशाने तू सपशेल आपटशील."

ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, ताईचं तेच तर चुकलं ना. प्रश्न नीट वाचला नाही तिने. गोष्टीचा प्रश्न तिला दिसलाच नाही. शेवटपर्यंत म्हणायची, कुठल्या पानावर होता गं तो, मला कसा दिसला नाही? आईसुद्धा अजून म्हणते, माझ्या थोरलीने घाई केली. मला नाही तशी चूक करायची. कितीही वाचलं तरी वाटतं, काहीतरी सुटलंय."

मी नुसतंच "बरं, जा" म्हटलं. माझं एक वाक्य होतं ते. सात वर्षं ते त्यांच्या घरात राहत होतं, आणि आता दुसऱ्या पोरीच्या मानेवर बसलं होतं.

घरी येऊन पेपर तपासायला घेतले. आमची एक पद्धत आहे. हे निवृत्त झाले छापखान्यातून, पण कागद वाया गेला की यांचा जीव तुटतो. म्हणून माळ्यावरचे जुने पेपर काढतात, पाठकोऱ्या बाजू वर करून गठ्ठे बांधतात, आणि पोरं कच्चं काम त्याच्यावर करतात. धाकटीच्या कच्च्या कामाचा कागद मी सहज उलटा केला, तर मागे थोरलीची गोष्ट. गोल गोल, उजवीकडे कललेलं अक्षर. वर तारीख. खाली माझी लाल शाई.

"अहो, हे तुम्हीच काढलंत ना माळ्यावरून?" मी यांना विचारलं.

"मी गठ्ठा काढला. त्यात काय आहे ते कोण बघतंय?" हे म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय झालं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मी चाळीस वर्षं ऐकतोय," हे म्हणाले.

खोटं कशाला बोलू, तो कागद मी फाडायला घेतला होता. कोपरा बोटभर फाटलाही. हिने मागची बाजू बघितली नसेल तर कोणाला काही कळणार नव्हतं. वरची तारीख कळणार नव्हती, आणि त्या तारखेच्या आधीच परीक्षा बदललेली होती हेही. मग मी ती गोष्ट वाचली. वाचायलाच नको होती. वाचल्यावर फाडता येईना.

दुसऱ्या दिवशी धाकटी येऊन बसायच्या आत मी तिला दुसऱ्या खोलीत नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाकीट, खण, त्या संध्याकाळचं माझं वाक्य. मध्ये थांबले असते तर पुन्हा तोंडाला कुलूप लागलं असतं. ती रडेल, ओरडेल, घड्याळ फेकून मारेल, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. ती नुसती उभी राहिली.

"ताई झोपायची नाही हो मॅडम," ती म्हणाली. "उशीवर बोटाने पेपरची पानं मांडायची. या पानावर हे होतं, त्या पानावर ते. गोष्ट कुठे होती तेवढंच सापडायचं नाही."

बाहेर पोरं यायला लागली होती, मी दार लोटून घेतलं.

"आईला सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

रविवारी सकाळी गेले. पुढच्याच खोलीत शिलाई मशीन, त्यावर अर्धा शिवलेला गणवेश, कडेला धाग्यांची रिळं रंगाप्रमाणे लावलेली. भिंतीवर थोरलीचा फोटो, खांद्याखाली तेच घड्याळ. आईने मला ओळखलं. "या बाई, बसा. धाकटीला पास करा हो, फार सावकाश आहे ती. थोरली घाईची, ही सावकाश. मला काही मधलं मिळालंच नाही."

मी बसले नाही. बसून सांगण्यासारखं नव्हतंच ते. उभ्यानेच सांगितलं, माळ्यावरून निघालेल्या थोरलीच्या कागदासकट. ऐकताना तिचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे तो प्रश्न नव्हताच?" तिने विचारलं.

"नव्हता."

"तिने नीट वाचलं होतं?"

"नीट वाचलं होतं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. माझं चुकलं, आणि मी ते तिच्यावर ढकललं."

"आणि मी तिला रोज..." ती म्हणाली आणि थांबली. "दवाखान्यात शेवटची भेटले ना, काचेच्या पलीकडून, तेव्हासुद्धा म्हटलं मी तिला. घाई करू नकोस बाई, औषधं नीट वाचून घे." तिने पदर तोंडाला लावला. धाकटी भिंतीशी उभी होती, ती जागची हलली नाही. माफी कशी मागतात ते मला त्या क्षणी आठवेना. अठरा वर्षं पोरांना शिकवतेय, माफीचं पत्र कसं लिहायचं ते.

मग आई म्हणाली, "तो कागद आणलाय?"

मी पिशवीतून काढून दिला. तिने तो हातात धरला, अक्षरावरून बोट फिरवलं, फाटक्या कोपऱ्यावर थांबली, आणि कागद मला परत दिला. "वाचा. आपल्या भाषेत सांगा."

मी वाचलं. दिलेलं वाक्य होतं, बस निघून गेली होती. पुढे थोरलीने लिहिलं होतं की बस चुकलेली एक नर्स परत वॉर्डात येते, आणि जिला भेटायला कोणीच येत नाही अशा एका म्हातारीपाशी बसते. म्हातारी विचारते, घरी नाही का जायचं? नर्स म्हणते, जायचंय, पण आता बसलेच आहे तर तुमच्या केसांची वेणी घालून देते. एवढीच गोष्ट. घड्याळ टिकटिकत होतं, भिंतीवरचं नाही, धाकटीच्या अंगावरचं.

"छान लिहिलंय," आई म्हणाली. "आणि ते खाली लाल लाल काय आहे?"

मला वाटलं, सांगावं की गुण आहेत. काही नाही, म्हणावं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि फोटोसुद्धा.

"ते माझं आहे," मी म्हटलं. "मी लिहिलंय, 'गोष्ट उत्तम. अशीच गोष्ट परीक्षेत लिही. तू नक्की पास होशील, माझा शब्द आहे.'"

आईने कागद माझ्या हातातून काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि मशीनच्या खणात ठेवला. मला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ती धाकटीकडे वळली, तिला जवळ ओढलं, आणि खांद्याखालचं वाकडं झालेलं घड्याळ सरळ करत म्हणाली, "तू आता प्रश्न एकदाच वाचत जा गं."