तळमजल्यावरची न्हाणी

रचनाचं घर बघताना मी तोंडानं कौतुक करत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. रचना माझी धाकटी जाऊ. नॉटिंगहॅममध्ये, आमच्यापासून ट्रामनं पंधरा मिनिटांवर, तिनं आणि प्रज्ञेशनं व्हिक्टोरियन काळातलं तीन मजली घर घेतलं होतं. अरुंद, अंधारं, ओलीचा वास मारणारं. "घेतलं कसलं, गळ्यात धोंड बांधून घेतली," असं मी तेव्हा माझ्या नवऱ्याला, सुहासला म्हटलंही होतं.

दीड वर्षात तिनं मागची भिंत पाडली, लोखंडी तुळई टाकली आणि स्वयंपाकघर थेट बागेत नेलं. वर काचेचं छत, खाली गरम होणारी फरशी. शनिवारी तिथं बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि जो तो वर बघून "वा!" म्हणत होता.

"पांढऱ्या ओट्यावर हळदीचे डाग पडतील हं," मी म्हटलं.

"लगेच पुसले की जातात, ताई," रचना हसून म्हणाली. तिला राग येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष.

मग तिनं मधल्या खोलीचं दार उघडलं. "ही आईंची रूम. आणि ही त्यांची शॉवर रूम. उंबरा नाही, धरायला दांडे, बसायला स्टूल. ताई, जयंतीच्या प्रोग्रॅमला तुम्हीच म्हणालात ना, आईंना जिना चढवून चढवून कंबर गेली? आम्ही आर्किटेक्टला फर्स्ट हेच सांगितलं."

म्हटलं होतं खरं. चारचौघींत, जरा वाहवा व्हावी म्हणून. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला!

आमच्या सासूबाई, कांताबाई, नऊ वर्षं माझ्याकडे होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची चार वर्षं रोज कामावर जायच्या आधी मी त्यांना जिन्यावरून वर नेत होते, आंघोळ घालत होते. कुरकुर केली असेल, पण एक दिवस चुकवला नाही. काच घे, फरशी घे, बाग घे बाई, पण आई माझ्या होत्या. त्यांना तिथं करमणार नाही, अशी मी मनोमन प्रार्थनाच केली. दोन रात्री राहून बघतील, असं ठरलं.

सोमवारी सकाळी मी न्यायला गेले. शॉवर रूमचं दार बंद होतं, आतून पाण्याचा आवाज येत होता. रचना बाहेर स्वयंपाकघरात.

"आत कोण आहे त्यांच्याबरोबर?"

"कोणी नाही. नको म्हणाल्या."

मी दार ठोठावणार, तोच ते उघडलं. आई गाऊन घालून उभ्या, केस ओले, चेहरा लग्नातल्या मुलीसारखा फुललेला.

"दीक्षा, एकटीनं केली गं आंघोळ!"

"छान. चला आता घरी."

त्या पलंगावर बसल्या. जवळ बोलावलं. "मी इथंच राहते."

"का? माझं काय चुकलं? मी कधी तोंड वाकडं केलं का आंघोळ घालताना?"

"कधीच नाही." त्यांनी माझा हात धरला. "म्हणून तर बोलता आलं नाही. चार वर्षं रोज तुझ्यासमोर उघडी बसले. रोज डोळे मिटून घ्यायचे, आठवतं?"

मला वाटायचं, साबण झोंबतो. म्हणून मी लहान मुलांचा साबण आणला होता.

तेवढ्यात रचना कोरडा टॉवेल घेऊन आली. मी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि आईंचे केस पुसायला लागले. आईंनी मान खाली करून पुसू दिले. तेवढं तरी मी रचनाला करू दिलं नाही.