पेगीआत्याचे पुसलेले गाणे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हातात मावणारा नव्हे. मला उचलायला दोन दणकट माणसे लागतात. माझ्या डोक्यावर ताटाएवढी दोन रिळे फिरतात आणि त्यांच्यामधून तपकिरी फीत सरकते. त्या फितीवर मी आवाज लिहितो. त्याच फितीवर पुन्हा लिहायला लावले, की आधीचे पुसले जाते.

माझी उमेदीची वर्षे टोरोंटोच्या एका रेडिओ केंद्रात गेली. तिथे मला ईना गिलिस भेटली. कॅनडाच्या पूर्व टोकाकडच्या केप ब्रेटन बेटावरच्या खाणकामगाराची ही मुलगी गाणी लिहायची आणि दुसऱ्या गायकांच्या रेकॉर्ड घडवायची. कोणी कुठे बसायचे, कुठली ओळ पुन्हा घ्यायची, सारे तीच ठरवायची. तिचा कान भारी तिखट. व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली तरी तिचा हात वर जायचा. "परत घेऊ!" म्हटले की भले भले गवई घाम पुसायचे. पण तिच्या हातून निघालेली रेकॉर्ड घरोघरी वाजायची. वर्तमानपत्रांत तिचे कौतुक यायचे, आणि मीही मनातल्या मनात फुगायचो.

केंद्रात नवी यंत्रे आली, तेव्हा तिने मला मागून घेतले आणि ट्रकमध्ये घालून आपल्या बेटावर नेले. तिथे एका बंद पडलेल्या शाळेच्या भिंतींवर, आवाज घुमू नये म्हणून, गोधड्या ठोकून तिने स्टुडिओ उभा केला.

त्या हिवाळ्यात तिने आपल्या पेगीआत्यासाठी एक गाणे लिहिले. शहरात गेलेल्या मुलीला घरून आलेले पत्र, असे ते गाणे होते. पेगीआत्याची हयात मासळीच्या कारखान्यात गेली होती. पण ती गायला लागली की गल्लीतली भांडणे थांबायची. ईनाला पहिले गाणे तिनेच शिकवले होते.

बर्फाने रस्ते बंद होते आणि ईनाकडे एकाच गाण्यापुरती कोरी फीत उरली होती. आत्या बर्फातून चालत आली, तिने शेगडीवर चहा ठेवला, आणि कोट न काढताच गायली. शेवटची ओळ संपताच ती खुदकन हसली. "झालं गं! चहा उतू गेला बघ."

"छान होतं, आत्या. पण तिसऱ्या ओळीत श्वास ऐकू येतोय. परत घेऊ."

"अगं, सत्तरीच्या बाईनं श्वास घ्यायचा नाही, तर काय करायचं?"

ईना हसली नाही. गाणे पुन्हा झाले, आणि पुन्हा. अकरा वेळा झाले. दरवेळी मी आधीचे पुसत गेलो. हुकूम मोडणे मला ठाऊकच नव्हते. आत्या मात्र दरवेळी जास्त बिचकत गेली. अकराव्या वेळी एकही चूक नव्हती, श्वासही नव्हता. आवाज फळीसारखा सपाट झाला होता.

आत्याने हातमोजे चढवले. "आत्ता गायली ना, त्या बाईला तू ओळखत असशील. मी नाही ओळखत," असे म्हणून ती निघून गेली.

ईनाने रीळ मागे फिरवले, पुढे फिरवले. ती पहिले गाणे शोधत होती. ते कुठून सापडणार? शेवटी तिने माझे बटण बंद केले.

पुढे तेच गाणे टोरोंटोच्या एका गाजलेल्या गायिकेने म्हटले. त्याला बक्षिसे मिळाली. ईनाने मात्र ती रेकॉर्ड घरात कधी लावली नाही. दोन वर्षे ती आत्याच्या दारावरून जायचे टाळून लांबच्या वाटेने दुकानात जात होती.

मग एका सकाळी तिने दोन शेजाऱ्यांना बोलावले आणि मला थेट आत्याच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. आत्या ओटच्या भाकऱ्या थापत होती.

"हे धूड इथं कशाला आणलंस?"

"आत्या, चुकलं माझं. तुझं पहिलं गाणं मी पुसलं."

आत्याचे हात थांबले. "गाणं पुसलंस त्याचं काही नाही, बये. यायचं थांबलीस, ते लागलं."

ईना रडली. आत्याने पिठाच्या हातानेच तिचे डोळे पुसले आणि तोंड पांढरे करून टाकले. मग दोघी हसत सुटल्या. थोड्या वेळाने आत्या आपणहून गाऊ लागली, तशी ईनाने माझे बटण दाबले. आवाज आता खाली उतरला होता, थकला होता. मधेच भाकऱ्या भाजायच्या भट्टीचे दार करकरले. सवयीने ईनाचा हात वर गेला, पण तिने तो हळूच मांडीवर घेतला. तिसऱ्या कडव्यात आत्या अडली. "पुढं काय गं?" ईनाने ओळ सांगितली, आत्याने ती उचलली आणि गाणे पुरे झाले.

मी सगळे टिपले. ईनाने रिळाच्या डब्यावर ठळक लिहिले, 'पुसू नये'. रेकॉर्ड तशीच निघाली, भट्टीसकट. टोरोंटोच्या जाणकारांनी तिला ओबडधोबड म्हटले. बेटावर मात्र ती घरोघरी गेली. पेगीआत्या पुढे चार वर्षे होती, रेडिओवर आपलेच "पुढं काय गं?" ऐकून ती दरवेळी खळखळून हसायची.

आज मी त्या जुन्या शाळेच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. रिळे फिरवणारा माझा रबरी पट्टा ताठरला आहे, एका बटणामागे उंदराने घर केले आहे. कधीमधी कोणी मला सुरू करून फिरवले, तर मी अजून चालेन. माझे एवढे केलेत तर बरे वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. घरात कोणी तुमच्यासाठी गायला लागले, तर मधे हात वर करू नका. शेवटपर्यंत ऐका. मी पुष्कळ आवाज पुसले आहेत. त्यांतला एकही मला परत आणता आला नाही.