चूलबंद आमंत्रण

मी काही भित्री बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. तीस वर्षं चामराजपेटेत ब्लाऊज शिवतेय. बाही घट्ट झाली म्हणून तणतणत आलेल्या बायकांना दारातूनच गप्प करून परत पाठवलंय. पण रंजिताच्या, माझ्या लेकीच्या, लग्नात मी जेवढी भ्याले, तेवढी आयुष्यात कधी भ्याले नाही.

रंजिता बेळ्ळंदूरला नोकरी करते. नवरामुलगा अजिंक्य निपाणीचा, तोही इथेच एचएसआर लेआउटला राहतो. कर्ज काढायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यात साठवलेलं सगळं गेलं. मग काय, स्टेज नाही, बँड नाही, संगीत तर नाहीच. रंजिताचा हट्ट एकच होता. "आई, उभ्यानं ताटल्या घेऊन फिरायचं लग्न मला नको. सगळ्यांनी पंगतीत बसून केळीच्या पानावर जेवायचं. वीस वर्षांनी सुद्धा लोकांना माझ्या लग्नातलं जेवण आठवलं पाहिजे."

नेमकं जेवणच! माझी थोरली बहीण तानूअक्का, तिच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला पुरणपोळी संपली. मी नऊ वर्षांची, मीठ वाढायला उभी होते. वरपक्षाच्या एका काकांनी "संपली?" असं विचारलं, पान उलटं केलं आणि उठले. त्यांच्यामागे अख्खी पंगत उठली. आमचे अण्णा दारात हात जोडून उभे, आणि माणसं त्यांच्याकडे न बघता आपापल्या चपला शोधत होती. अक्काला सासरी जन्मभर ते ऐकावं लागलं. तेव्हापासून "संपलं" हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. डब्यातला तांदूळ संपला तरी मी "आणायचाय" म्हणते.

स्वयंपाकी ठरवला मल्लाप्पा, हुबळीकडचा. तो पानामागे पैसे घेतो. आमची पन्नास घरं, घरटी दोन माणसं, आणि मुलाकडची साठ. एकशे साठ पानं, त्याच्यावर एक नाही.

"अक्का, स्वल्प वर धरा," मल्लाप्पा म्हणाला.

"लग्न तुझ्या घरचं की माझ्या?" मी म्हटलं. बिचारा मान खाली घालून निघून गेला.

आमंत्रणं करायला कृष्णाबाईंना पाठवलं. ह्यांच्या आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, पाय अजून खुटखुटीत. घरोघरी जाऊन अक्षता देऊन लग्नाचं सांगणं हे आमच्याकडे त्यांचंच काम. घरटी दोघांनाच सांगा, असं मी तीनदा बजावलं होतं.

लग्न रविवारी. शुक्रवारी दुपारी आत्याबाई कॉफीचा घोट घेत म्हणाल्या, "पन्नासही घरं झाली गं महानंदा. सगळ्यांना चूलबंद सांगून आले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चूलबंद सांगणं म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. आजेसासूपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. एकेका घरात पाच पाच, सहा सहा माणसं!

"आत्याबाई, मी दोघं म्हणाले होते!"

"दारात अक्षता घेऊन उभं राहायचं आणि माणसं मोजून बोलवायचं? मला नाही बाई जमत तसलं. घरातलं पहिलं लग्न आहे."

आता करू काय? मल्लाप्पाला पानं वाढवायला सांगितलं की पैसे लागणार. पैसे लागणार हे ह्यांना कळलं की हे गुपचूप कुणाकडे तरी हात पसरणार, आणि त्या घोरानं छाती पुन्हा दुखायला लागणार. डोळे मिटले की मला अण्णा दिसायचे, दारात, हात जोडलेले. मग अण्णांच्या जागी हे दिसायचे. मी त्या दिवशी दोन ब्लाऊज उलटे शिवले.

आणि मग मी शहाणपणा केला. हे अंघोळीला गेले होते, आणि ग्रुप वगैरे ते कधी उघडून बघत नाहीत. त्यांचा फोन उचलला आणि आमच्या समाजाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं: "जागेअभावी प्रत्येक घरातून दोघांनीच यावे, ही नम्र विनंती. आपला, दयानंद." पाठवलं, आणि जीव भांड्यात पडला. अर्धा तास.

कारण उत्तरच येईना. ज्या ग्रुपवर कुणी "शुभ सकाळ" टाकलं तरी चाळीस जण हात जोडतात, तिथे चिडीचूप. सगळ्यांनी वाचलं होतं, निळ्या खुणा दिसत होत्या. शनिवारी भाजी आणायला गेले तर समोरून पद्मावती अक्का येत होत्या. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी मला बघितलं आणि रस्ता ओलांडून गेल्या. मी म्हटलं, घाईत असतील.

रविवारी सकाळी मुलाकडची माणसं बस करून छत्रात आली. आमच्याकडे कल्याणमंडपाला छत्रच म्हणतात. उपीट-केसरी झालं, चौघडा लागला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मुहूर्त अकरा वीसचा. उजवीकडच्या खुर्च्यांवर त्यांची साठ माणसं गप्पा मारत होती आणि डावीकडच्या खुर्च्यांवर आमचे हे एकटे बसले होते, नवीन धोतर सावरत, दाराकडे बघत.

विहीणबाई, प्रतिमाबाई, माझ्याजवळ आल्या. स्वभावानं गोड बाई. "तुमची मंडळी लांबून येणार आहेत का हो?" त्यांनी विचारलं. मी त्यांना आणखी एक कॉफी आणायला पळाले.

आतून रंजितानं हाक मारली. मुंडावळ्या बांधलेली, हिरवा चुडा भरलेली माझी पोर. "आई, आपलं कुणीच कसं आलं नाही? आपलं कुणाशी काही बिनसलंय का?"

"येतील गं. ट्रॅफिक असेल." चामराजपेटेतून चामराजपेटेत यायला कसलं ट्रॅफिक? तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. जेवण कमी पडायच्या भीतीनं मी दोन दिवस मरत होते. जेवायलाच कुणी येणार नाही, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "काय केलंस?"

सांगितलं मी. एका दमात, मेसेजसकट.

त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दिलेलं चूलबंद परत घेत नाहीत गं," एवढंच म्हणाल्या. "जा. पद्मावतीच्या पाया पड, तिचं सगळे ऐकतात. वेळ आहे अजून."

मी निघाले. चपला सापडेनात, तशीच अनवाणी. नऊवारीचा काष्टा सांभाळत चामराजपेटेच्या रस्त्यावरून पळणारी वधूमाय! ऑटोवाले थांबून बघत होते. पद्मावती अक्कांनी दार तोंडावर लावलं तर काय करायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले.

सगळं घर नटून बसलं होतं. अक्का रेशमी लुगड्यात. मुलगा त्रिविक्रम कोट घालून. सून सौम्या, तिच्या केसांत मल्लिगेचा गजरा. तिच्या दोन मुली झगमगीत परकर-पोलक्यांत. आणि खाटेवर अक्कांच्या सासूबाई, नव्वदीच्या, नाकात नथ घालून ताठ बसलेल्या. सहा माणसं, सगळी दाराकडे तोंड करून. मागे स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा स्वच्छ पुसलेला, शेगडीवर साधं दुधाचं पातेलं सुद्धा नाही.

"चूल सकाळपासून बंद आहे," पद्मावती अक्का म्हणाल्या. "तुझ्या आत्याबाईंच्या अक्षता घेतल्यात, म्हणून पेटवली नाही. पोरींना बिस्किटं दिलीयत. आता तूच सांग महानंदा, ह्यातली दोघं कुठली निवडू? सासूबाईंना घरी ठेवू, की नातींना?"

मी मटकन खालीच बसले. त्यांचे पाय धरले आणि रडले, हुंदके देऊन. "चुकलं अक्का. भ्याले मी. तानूअक्काच्या लग्नात काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे. भ्याले, म्हणून लिहिलं. ह्यांना तर माहीतही नाही. सगळे चला. पोरगी रडतेय तिकडे."

अक्कांनी मला हात धरून उठवलं. मग त्यांनी फोन उचलला. "निघा," त्या म्हणाल्या. मग दुसरा नंबर, मग तिसरा. "हो, सगळे. कुलूप लावूनच निघा." पलीकडून कुणी काही विचारतच नव्हतं. सगळी घरं तशीच तयार होऊन, उपाशी बसली होती.

अंतरपाट धरला तेव्हा डावीकडे उभं राहायला जागा नव्हती. अक्षता इतक्या पडल्या की भटजींनी डोक्यावर उपरणं घेतलं. ह्यांचा चेहरा फुलला होता. मी मात्र माणसं मोजत होते. दोनशेवर गेल्यावर मोजायचं सोडलं.

मल्लाप्पा म्हणाला, "भात-सारू पुरवतो अक्का, मी तांदूळ वरच धरला होता. होळिगे, पुरणपोळी मात्र पुरणार नाही. अर्धी अर्धी वाढू?"

"वाढ," मी म्हटलं.

पहिल्या पंगतीला मुलाकडचे बसले. दुसरी पंगत झाली. तिसऱ्या पंगतीला पद्मावती अक्कांचं घर बसलं, आणि मी पंगतीच्या टोकाला उभी राहिले. हात केव्हा जोडले गेले, मला कळलंही नाही. शेजारी प्रतिमाबाई उभ्या होत्या.

अक्कांच्या सासूबाईंनी अर्धी पोळी चवीनं खाल्ली. बोटं चाटली. मग मान वर करून, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मस्त झालीय गं. आणखी एक वाढ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आजी," मी म्हटलं, "संपली."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पानाकडे बघत होते, पानाच्या कडेवरच्या हाताकडे.

"सरी, असू दे," ती म्हणाली. "मग भात वाढ."